शकुबाईचा चहा आणि डीबाहेरचा चेंडू

हॉकीच्या जगात राजेंद्र ओव्हाळांना चहा पाजणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं पिंपरीच्या मैदानावरचे जुनेजाणते सांगतात. हे ऐकून कुणाला वाटेल, माणूस पथ्यावर असेल किंवा पित्ताचा त्रास असेल. तसं काही नाही. ओव्हाळ पक्के चहाबाज आहेत. उठल्या उठल्या एक, पेपर उघडताना एक, पेपर मिटताना एक. त्यांची बायको म्हणते, "यांचं रक्त तपासायला दिलं तर चहापत्तीच निघेल." पण खेळाडूचा, प्रशिक्षकाचा, अंपायरचा किंवा संघाच्या मालकाचा चहा म्हटलं की ओव्हाळ हात जोडतात. एकदा एका बक्षीस समारंभात खुद्द पाहुण्यांनी आपल्या हातानं कप पुढं केला. ओव्हाळांनी तो शेजारच्या फोटोग्राफरकडं सरकवला. त्या पठ्ठ्यानं आपलाही प्यायला आणि हाही.

मावळात चहाला नाही म्हणणं सोपं नाही. इथं बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा तारखेला गेले की बाहेरच्या टपरीवर एकमेकांना "घोटभर तरी घे" म्हणतात. त्यामुळं ओव्हाळांवर रुसणारे कमी झाले नाहीत. एक प्रशिक्षक तर अख्खा मोसम त्यांच्याशी बोलला नाही. ओव्हाळ म्हणाले, "बरं झालं, त्याच्याबद्दल लिहायला मोकळा झालो."

हा नियम त्यांच्या वडिलांचा. वडील रेल्वेत, बेगडेवाडीजवळच्या फाटकावर होते. गाडी यायची असली की फाटक बंद, आणि दोन्ही बाजूंना टेम्पो, ट्रॅक्टर, लग्नाची वऱ्हाडं खोळंबलेली. घाईतला ड्रायव्हर मग गोडीत यायचा. "आबा, चहा घ्या की." वडील घ्यायचे नाहीत. लहानग्या राजेंद्रनं विचारलं तेव्हा म्हणाले, "फाटक लागलेलं असताना कुनाचा चहा प्यायचा न्हाई, बाळा. चहा पोटात गेला की हात चाकाकडं जातो." फाटक उघडायचं ते लोखंडी चाक होतं. पोरानं ही गोष्ट अशी काही गाठीला बांधली की पुढं साठी आली तरी सोडली नाही.

ओव्हाळ स्वतः रेल्वेकडून हॉकी खेळले, गुडघा गेल्यावर लोणावळ्याच्या रेल्वे कचेरीत खुर्चीवर बसले, आणि पुण्याहून निघणाऱ्या एका दैनिकात दर सोमवारी सदर लिहू लागले. निवृत्त झाले पण सदर चालूच राहिलं. व्यावसायिक लीग सुरू झाली, खेळाडू लिलावातून येऊ लागले, मैदान निळ्या कृत्रिम गवताचं झालं, तरी सदराचं नाव बदललं नाही: 'डीच्या बाहेरून'.

हे नाव समजून घ्यायला हवं. हॉकीत दोन्ही गोलांसमोर एक अर्धगोल आखलेला असतो, त्याला डी म्हणतात. गोल व्हायचा तर त्या डीच्या आत आक्रमण करणाऱ्याची स्टिक चेंडूला लागायलाच हवी. बाहेरून कितीही जोरात फटका मारा, चेंडू सरळ जाळ्यात जाऊन बसू दे, गोल धरत नाहीत. "आपण लिहिणारे सगळे डीच्या बाहेरचे," ओव्हाळ म्हणायचे. "कितीही जोर लावला तरी आपला गोल होत नाही. हे ध्यानात ठेवून लिहावं."

लिहायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. पत्रकारांच्या काचेच्या खोलीत ते बसायचे नाहीत. घरच्या चहाचा थर्मास काखेत मारून गोलाच्या मागं, जाळीला टेकून उभे राहायचे. नाणेफेकीच्या आधी दैनिकाच्या क्रीडा विभागातल्या रुपालीला फोन करायचे आणि एकच आकडा सांगायचे. "आज अकरा नंबर." की मग सामना संपेपर्यंत डोळे अकरा नंबरवर. चेंडू कुठं का असेना. चेंडू काय, सगळेच बघतात, त्यांचं म्हणणं. आधी फोन करायचा तो एवढ्यासाठी, की मध्येच दुसरं कुणी चमकलं तर आपलं मन पाघळायला नको.

यामुळं कैक गोल त्यांच्या नजरेतून सुटले. मैदानात जल्लोष उठला की हे शेजारच्याला विचारणार, "कुणी मारला हो?" शेजारी वेड्यागत बघायचा. एका अंतिम सामन्यावरच्या लेखात कोण जिंकलं हेच नव्हतं. रुपालीनं विचारलं तर म्हणाले, "ते पहिल्या पानावर आहे की!" पण त्यांनी जे पाहिलेलं असायचं ते टीव्हीला दिसायचं नाही. एका नावाजलेल्या सेंटर हाफबद्दल त्यांनी लिहिलं होतं की हा गडी हल्ली वळताना आधी मान वळवतो, मग थोडं थांबून अंग. सोमवारी त्याचा फोन आला. "सर, गुडघा दुखतोय हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. आज बायकोनं पेपर समोर ठेवला." अशा गोष्टींमुळं प्रशिक्षक मंडळी सोमवारी ते सदर आधी वाचायची आणि त्यावर भरवसा ठेवायची. ओव्हाळ कुणाच्या चहात नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका चहात मात्र ते पुरते होते. तो शकुबाईचा.

लोणावळ्यात, तुंगार्लीच्या तळ्याकडं जाणाऱ्या चढावर, एका बंगल्याच्या भिंतीला लागून शकुबाईची टपरी आहे. ती वरच्या वाडीवरची. नवरा गोविंदा आजूबाजूच्या बंगल्यांच्या बागा राखतो. शकुबाई आलं आणि गवती चहा घालून असा काही चहा करते की ओव्हाळ वर्षानुवर्षं रोज सकाळी 'फिरायला' म्हणून निघतात आणि टपरीच्या पुढं पाऊलही टाकत नाहीत. आता शकुबाईचा आणि हॉकीचा काय संबंध, असं त्यांना वाटायचं. संबंध होता, पण तो अजून लहान होता. शकुबाईची मुलगी रेणुका आश्रमशाळेतून निवडली जाऊन पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेली होती आणि गोलकीपर झाली होती. ओव्हाळ लिहीत ते फक्त व्यावसायिक लीगबद्दल. ही पोर तिथवर येईल हे त्यांच्या काही ध्यानात आलं नाही.

यंदा ती आली. 'सह्याद्री'च्या महिला संघानं रेणुकाला राखीव गोलकीपर म्हणून घेतलं. तुंगार्लीत फ्लेक्स लागला. त्यावर डझनभर शुभेच्छुकांचे हसरे चेहरे होते, आणि खाली कोपऱ्यात, फोनवर बोलणाऱ्या एका नेत्याच्या कोपराआड रेणुका होती.

राखीव गोलकीपरचं जिणं फार कठीण. पॅड बांधून बाकड्यावर बसायचं, पहिलीला काही झालं तरच उतरायचं, आणि पहिलीला सहसा काही होत नाही. मोसम संपला की संघ ठरवणार कुणाला ठेवायचं, कुणाला नारळ द्यायचा. जिला कुणी पाहिलंच नाही तिला कोण ठेवतो? हीच टोचणी शकुबाईला लागली होती. एके सकाळी कप हातात देता देता ती म्हणाली, "भाऊ, आमच्या रेणीवर येकदा लिवा की."

ओव्हाळांचा कप ओठाशी जाता जाता थांबला. "ती अजून मैदानात कुठं उतरलीय, शकुबाई? बाकड्यावर बसलीय."

"मंग कशी बसती त्ये लिवा. त्या बाप्याच्या मान वळवन्यावर लिवलं, मंग माझ्या पोरीच्या बसन्यावर का न्हाई?"

खरं सांगायचं तर विषय झकास होता. दुसऱ्या कुणाची पोर असती तर ओव्हाळांनी त्याच दिवशी रुपालीला फोन केला असता. त्यांनी मान खाली घातली. "मी तुमचा चहा पितो."

"इकतचा हाय त्यो! इकतच्या चहाला कसला आलाय मिंधेपना?"

"आणि आमच्या घरी आजारपण होतं तेव्हा रोज डबा कोण पोचवत होतं? तो काय विकतचा होता?"

 शकुबाईनं स्टोव्हला जोरजोरात पंप मारला. ओव्हाळांना वाटलं, विषय संपला. बायकांशी झालेला विषय असा संपत नसतो हे एवढं वय होऊनही त्यांना कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणं टपरीशी आले. शकुबाईनं सगळ्यांना कप दिले, त्यांना सोडून.

"मला?"

"तुमाला न्हाई. चहा पिता म्हनून लिवत न्हाई ना? मंग पिऊ नका."

"अहो, इतक्या वर्षांचा पोटात आहे, त्याचं काय?"

"तुंगार्लीचं तळं पावसाळ्यात भरतं, तसं उन्हाळ्यात खाली बी जातं. तुमी बी रिकामं व्हाल. लीग संपायला अजून लय दिस हायती."

लोक फिदीफिदी हसले. ओव्हाळ तणतणत खालच्या अंबाजीच्या टपरीवर गेले. अंबाजीनं कान पकडले. "भाऊ, मावशीनं सांगितलंय. चढावर कुनीच तुमाला चहा द्यायचा न्हाई. मला हितं धंदा करायचाय." थंडीचे दिवस, तळ्यावरून बोचरा वारा येतोय, सगळीकडून आल्याचा वास येतोय आणि ओव्हाळ हात चोळत उभे. तरी ते रोज जायचेच. सवय कुठं सुटते? चार दिवसांनी शकुबाईला दया आली. तिनं कप पुढं केला. त्यात गरम पाणी होतं. "पान्याला तुमचा नियम न्हाई ना? घ्या."

ओव्हाळांनी ते पाणी फुंकून फुंकून प्यायलं. त्या चढावर ही गंमत पार जानेवारी संपेपर्यंत चालली.

आणि साखळीतल्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सह्याद्रीच्या पहिल्या गोलकीपरचं बोट सरावात मोडलं. रेणुका खेळणार! समोर 'दख्खन'चा संघ, जो जिंकेल तो अंतिम फेरीत. वाडी आणि तुंगार्लीचा चढ मिळून एक टेम्पो भरला. शकुबाईनं आयुष्यात पहिल्यांदा टपरी बंद ठेवली.

ओव्हाळ लोकलनं निघाले. बेगडेवाडी आली तसे सवयीनं खिडकीबाहेर बघू लागले. फाटक केव्हाच गेलं, आता तिथं नुसती भिंत आहे. मनात एकच घोळत होतं. आज रेणुकाला बघावं. नुसतं बघावं, लिहू नये. पण बघितलं की लिहावंसं वाटणार, आणि लिहायला हात जाणारच. पिंपरीला उतरून त्यांनी फोन लावला.

"दख्खनची सात नंबर."

"सर!" रुपाली ओरडली. "अख्खं मावळ रेणुकाला बघायला आलंय आणि तुम्ही समोरच्यांची फॉरवर्ड बघणार?"

"सात नंबर," ओव्हाळ म्हणाले आणि फोन ठेवला.

सात नंबर म्हणजे आरती. इस्लामपूरकडची, लीगमधली सगळ्यात धूर्त फॉरवर्ड. ओव्हाळांनी थर्मास पायाशी ठेवला आणि तिच्यावर नजर लावली. पण गंमत अशी की आरतीकडं बघताना रेणुका दिसायची राहीना. पहिला फटका अडला तेव्हा आरती हसली. दुसरा अडला तेव्हा तिनं स्टिककडं पाहिलं, जणू स्टिकमध्येच खोट आहे. तिसऱ्यानंतर तिनं हसणं सोडलं आणि जोडीदारणीला काहीतरी पुटपुटली. मध्यंतरानंतर ती उजवीकडून डावीकडं गेली. मोठी फॉरवर्ड बाजू बदलते ती उगाच नाही. समोर कुणीतरी तिला जड जात असतं. ओव्हाळांना आतून गुदगुल्या होत होत्या. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "किती झाले हो?" एक-एक बरोबरी होती.

शेवटची काही मिनिटं उरली होती. दख्खनच्या एकीनं डीच्या बाहेरून सणसणीत फटका मारला. चेंडू गोलाकडं सुटला. रेणुकानं पाहिलं की फटका बाहेरून आहे. असा चेंडू हात-पाय लावून अडवायला जावं तर तो उसळून समोरच्याच्या पुढ्यात पडतो. न लावता जाऊ दिला तर गोलच धरत नाहीत. तिनं पाय उचलला आणि चेंडू जाऊ दिला. त्याच वेळी आरती डीमधून आडवी धावली, स्टिक उलटी फिरवली आणि चेंडूला नुसती चाटवली. केसाएवढी. चेंडूची वाटसुद्धा बदलली नाही. तो जाळ्यात गेला, शिट्टी वाजली आणि अंपायरनं मैदानाच्या मध्याकडं हात केला. गोल.

ओव्हाळ जाळीमागून दोन हातांवर होते. त्यांनी ती स्टिक पाहिली. दुसऱ्या कुणी पाहिली नाही, कारण बाकी सगळे चेंडू बघत होते. टीव्हीचा कॅमेरा पलीकडं आणि मध्ये एका खेळाडूची पाठ. सह्याद्रीकडं दाद मागायची संधी होती ती त्यांनी आधीच वापरून टाकली होती. सामना गेला.

"पाय उचलून वाट करून दिली की पोरीनं!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडले. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत ज्याच्या त्याच्या फोनवर होती. पाय उचलणारी रेणुका पुन्हा पुन्हा, वर विनोदी गाणं लावून. सह्याद्रीचे प्रशिक्षक कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "अशी चूक या पातळीवर परवडत नाही." टेम्पो परत निघाला. शकुबाईला डी कळत नव्हता, बाहेरचा फटका कळत नव्हता. तिला एवढंच कळत होतं की तिची पोर मैदानात एकटी उभी होती आणि सगळे तिच्यावर हसत होते. फ्लेक्स मात्र कुणी न सांगता रातोरात उतरला.

ओव्हाळ दख्खनच्या बसपाशी जाऊन उभे राहिले. आपण पाहिलं ते खरंच पाहिलं, की शकुबाईच्या पोरीसाठी पाहावंसं वाटलं म्हणून पाहिलं? त्यांना स्वतःवरच भरवसा राहिला नव्हता. आरती आली.

"तुझी स्टिक लागली होती का, बाळ?"

आरतीचे डोळे चमकले. "तुम्ही पाहिलंत? काका, कुणीच पाहिलं नाही हो! अंपायर मॅडमना आवाज आला म्हणून त्यांनी दिला. बघणारे सगळे म्हणतायत गोलकीपरनं सोडला. माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला गोल आणि त्याचं श्रेय तिच्या पायाला!" मग हसून म्हणाली, "बसमध्ये या ना, चहा घेऊ." ओव्हाळांनी हात जोडले.

घरी येऊन त्यांनी एका दमात लिहून काढलं: रेणुकाची चूक नव्हती, तिनं केलं तेच बरोबर होतं. बायकोनं वाचलं. "खरं आहे ना?"

"सोळा आणे."

"मग धाडून द्या. वाट कसली बघताय?"

ओव्हाळ बसून राहिले. खरं होतं, पण मानणार कोण? ओव्हाळ शकुबाईचा चहा पितात हे मावळातलं शेंबडं पोर सांगेल. लोक म्हणणार, म्हातारा चहाला जागला. प्रशिक्षकही तेच म्हणणार, आणि पोरीला जेव्हा एका खऱ्या शब्दाची गरज आहे तेव्हाच आपला शब्द कवडीमोल होणार. आणि आज आपण बघायला कुणाला घेतलं होतं? सात नंबरला. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी कागद फाडला आणि दुसरा घेतला.

सोमवारच्या सदरात आरती होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फक्त सात नंबर. तिचं हसणं, हसणं सोडणं, बाजू बदलणं. आणि शेवटी असं:

"तीन वेळा तिला वाट मिळाली नाही. आरतीला एका सामन्यात बाजू बदलावी लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मग तिनं जे केलं ते शिकवून येत नाही. चेंडू डीच्या बाहेरून आला होता, म्हणजे तो सोडणं हाच शहाणपणा, आणि समोर शहाणपणा आहे हे ओळखूनच ती आडवी धावली. तिनं स्टिक केवळ चाटवली. हा गोल कुणी दिलेला नाही. तो तिनं हिसकावून घेतला आहे."

"सर, रेणुकाचं नावच नाही," रुपाली फोनवर म्हणाली.

"नाही."

"लोणावळ्यात तुम्हाला लोक धरून मारतील."

"रुपाली, एक काना-मात्रा बदलू नकोस."

सोमवारी सकाळी टपरीवर ओंकार रिक्षावाल्यानं पेपर मोठ्यानं वाचला. ओव्हाळ बाजूला उभे होते. वाचून झालं. सगळे एकमेकांकडं बघू लागले. "रेणीचं नाव कुटं हाय?" शकुबाईनं विचारलं.

ओंकारनं पेपर उलटसुलट केला. "न्हाई मावशी. कुटंच न्हाई."

"त्या परक्या पोरीचं येवढं कवतिक!" अंबाजी खालून ओरडला. "पिल्या चहाला जागला न्हाई ह्यो मानूस!"

 शकुबाईनं ओव्हाळांकडं पाठ केली. त्या दिवशी गरम पाणीसुद्धा मिळालं नाही.  चार माणसांत अपमान झाला याचं ओव्हाळांना काही नव्हतं, पण ती पाठ त्यांना सहन झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते भुशी धरणाकडं फिरायला जाऊ लागले. थंडीत भुशीला कुत्रं फिरकत नाही. धरणाच्या कोरड्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली खरंच फिरताय. तब्येत बरी आहे ना?"

तिथंच एका सकाळी पायऱ्यांवर रेणुका उभी दिसली. अंगात संघाचं जाकीट, पायांत स्लीपर. "काका, घरी गेले होते तुमच्या. काकूंनी सांगितलं, तुम्ही इकडं पळून येता म्हणून. चला, आईनं बोलावलंय."

वाटेत तिनं सगळं सांगितलं. सामन्यानंतर ती घसा फोडून म्हणत होती की फटका बाहेरून होता, पण हरलेल्या गोलकीपरचं कोण ऐकतो? सोमवारी प्रशिक्षकांनी सदर वाचलं. ओव्हाळांनी 'चाटवली' लिहिलंय म्हणजे चाटवलीच असणार, म्हणून त्यांनी गोलामागं लावलेल्या संघाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काढलं आणि एकेक चित्र थांबवत पाहिलं. स्टिक लागलेली दिसली. "मग सगळ्यांसमोर म्हणाले, 'रेणुकाचा निर्णय बरोबर होता. आणि आरतीला बाजू कुणामुळं बदलावी लागली, याचा विचार करा.' पुढच्या मोसमाला ठेवलंय मला, काका." ती थांबली आणि हसली. "तुम्ही मारलात डीच्या बाहेरून. आत सरांची स्टिक लागली."

 ओव्हाळांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, आणि मग उगीचच पुन्हा पुसला.

टपरीवर शकुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "भाऊ, माझंच चुकलं. मी आपली नाव शोदत बसले. तुमी नाव लिवलं असतं तर साहेबांनी मानलं नसतं, असं रेणी म्हनती. व्हय?"

"व्हय," ओव्हाळ म्हणाले. 

"मंग बसा. आज चहा पिऊनच जायचं."

"थांब आई, मी करते," रेणुका म्हणाली. तिनं आलं ठेचलं, गवती चहा टाकला, साखर सढळ हातानं घातली. कप भरून ती ओव्हाळांसमोर आली, पण द्यायची थांबली. "काका, आईचा चहा वेगळा. हा माझ्या हातचा आहे. खेळाडूच्या हातचा. हा प्यालात तर माझ्यावर कधीच लिहिता येणार नाही. मी कितीही चांगली खेळले तरी."

 सगळ्यांत आधी पुढं झाली ती शकुबाई. "अगं ये भवाने, नगं दिऊ! पुढच्या सालाला पयली गोलकीपर झालीस म्हंजे? भाऊ, ठिवा त्यो खाली! मी पानी तापवते!" आणि ती कप हिसकावायला धावली. ओंकारनं हसू आवरत तिला अडवलं.

रेणुकानं कप ओव्हाळांच्या हातात दिला. "पुढच्या वर्षी पण सात नंबरवरच लिहा," ती म्हणाली. "ती माझ्यासमोरच उभी असणार आहे."

ओव्हाळांनी कप ओठाला लावला. साखर जरा जास्तच झाली होती. त्यांनी तो तळापर्यंत प्यायला आणि रिकामा कप शकुबाईपुढं धरला.

"अजून एक," ते म्हणाले.